मांजर्लीचा किलोमीटर

मुंबईच्या सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे, ही माहिती फक्त रेल्वेच्या उपयोगाची. रुळांकडेच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे इमानेइतबारे रंगवलेले असतात, पण डब्यात ते कोण वाचतो? तिथं अंतर सांगायची रीत निराळी. "ठाण्यापर्यंत उभा होतो, कल्याणला चौथी सीट मिळाली," एवढ्यात सगळा प्रवास येतो.

बदलापूरला पश्चिमेकडे उतरून मी भाजीवाल्या मावशींना मांजर्ली किती लांब, ते विचारलं.

"हे काय, इथंच!"

शेजारचा रिक्षावाला कळवळला. "चालत नका जाऊ काका, लई लांब पडेल."

फ्लॅट विकणाऱ्या एजंटानं तर फोनवरच सांगितलं होतं, "स्टेशनपासून पाच मिनिटं." समजा अंतर दीड किलोमीटर. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणजे अठरा मिनिटं हवीत. पाच मिनिटांत पोचायचं तर ताशी १८ किलोमीटरनं पळावं लागेल. मॅरेथॉनवाल्यांना ते जमतं, पण त्यांच्या हातात भाजीची पिशवी नसते.

हे माप ठरवायला फ्रेंचांनी काय कमी घाम गाळला? उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे हजार मीटर म्हणजे किलोमीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशँ हे दोघे १७९२ पासून जवळजवळ सात वर्षं डंकर्क ते बार्सिलोना मोजत हिंडले. मावशींना विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं मैल जाऊन किलोमीटर आला. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. त्या हिशेबानं प्रकाश स्टेशनवरून मांजर्लीला सेकंदाच्या दोन लाखाव्या भागात पोचतो. अर्थात, त्याला रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

मी चालतच निघालो. वाटेत यजमानांचा फोन आला. "कुठवर आलात? रिक्षाबिक्षा करू नका हं, अगदी जवळ आहे."

घामाघूम होऊन दारात पोचलो. पाणी पिऊन, कामाचं बोलून उठायला लागलो, तर तेच यजमान वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, पान वाढ. एवढ्या लांबून आलेत, उपाशी कसे जातील?"

मी लगेच बसलो. हे अंतर मात्र मी मोजायला गेलो नाही.