नवशिका पाणबुड्या

दिवाळीची सुटी लागली की मालवणच्या धक्क्यावर जे नानाविध प्रवासी अवतीर्ण होतात, त्यांत एक गृहस्थ हमखास आढळतो. वय पन्नाशीच्या पलीकडचे, पोटाचा घेर पदाला शोभेसा, सेवानिवृत्ती दोन-चार वर्षांवर आलेली, आणि पाण्याशी आजवर आलेला संबंध बादली, तांब्या व पावसाळ्यातली छत्री एवढ्यापुरताच. हा समुद्रतळ पाहावयास आलेला नसतो. त्यास आणलेले असते. आणणारा बहुधा जावई असतो, आणि जावईबापूंचा शब्द खाली पडू द्यावयाचा नाही हा दंडक ज्याने मुलीच्या लग्नापासून पाळला, त्याला आता 'मी बुडी मारणार नाही' असे म्हणण्याची सोय उरलेली नसते.

'मला भीती वाटते' हे शब्द त्याच्या तोंडून कदापि निघत नाहीत. निघतात त्या शंका. जे हमीपत्र इतर मंडळी न वाचताच सही करून परत देतात, ते हा चष्मा लावून कलमवार वाचतो, हृदयविकार, दमा, कानाची शस्त्रक्रिया या रकान्यांपाशी आशेने रेंगाळतो, आणि त्यांतली एकही व्याधी आपल्या नावे लागत नाही असे पाहून इतक्या खिन्न मुद्रेने सही ठोकतो, की सुदृढ प्रकृतीचे एवढे दुःख झालेला मनुष्य दुसरा सापडणे कठीण. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू नसून साधी हवाच दाबून भरलेली असते हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरतो, कमरेला शिशाची वजने बांधू लागताच, "अहो, बुडू नये म्हणून का हे?" असा खुलासा तो मागतो. तोंडात धरावयाच्या यंत्राचा पूर्वेतिहास मात्र तो घरूनच तयार करून आलेला असतो. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने ते १९४३ साली सिद्ध केले, ही हकीकत नावेतल्या सर्वांना सांगून झाली की तो समोरच्या सिंधुदुर्गाकडे वळतो, आणि १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर बांधकामास प्रारंभ कसा केला याचे वर्णन अशा तपशिलाने आरंभितो, की किल्ला पुरा होईपर्यंत बुडी तहकूब व्हावी हा त्याचा अंतस्थ हेतू कोणाच्याही ध्यानात यावा.

हा हेतू सर्वांत आधी ओळखतो तो बुडी शिकवणारा मालवणी पोरगा. "काकानु, घाबरू नकात, मी आसंय," असे तो म्हणतो, आणि "घाबरतो कोण? मी केवळ माहिती विचारतो आहे," असे उत्तर घेऊन शांतपणे आपले हुकूम सुनावतो: श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते, खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावयाचे, म्हणजे कान मोकळे होतात, आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'उत्तम' असा नसून 'मला वर घ्या' असा होतो. आमचा गृहस्थ हे हुकूम पाठ करतो, म्हणून दाखवतो, आणि तिसऱ्याबद्दल लेखी काही मिळेल काय, असे विचारतो.

मग तोंडात रबर जाते, नाक काचेच्या मुखवट्याआड बंद होते, आणि तीस वर्षे ज्याने कचेरीचा सारा कारभार जिभेच्या बळावर चालविला तो मनुष्य प्रथमच निःशब्द होतो. चेहरा पाण्याखाली गेला म्हणजे श्वास संपला, अशी देहाची जन्मापासूनची समजूत असल्यामुळे पहिले काही श्वास तो अधाशीपणे घेतो; परंतु पोरगा हाताने 'सावकाश, सावकाश' असे खुणावतो, बुडबुडे शिस्तीने वर जाऊ लागतात, आणि पुढचा श्वासही मागल्याप्रमाणेच बिनतक्रार मिळतो असे अनुभवास येते. विचारावयाच्या शंका अद्याप पुष्कळ असतात, पण त्या विचारण्याचे साधनच अडकलेले असल्यामुळे भीतीची रसद तुटते, आणि काळजी करण्याजोगे एक श्वास तेवढा उरतो.

इकडे जावईबापूंचे निराळेच घडते. दहा मीटर खोलीवर पाण्यासह एकूण दाब पृष्ठभागावरल्या दाबाच्या दुप्पट होतो हे खरे, पण कानाचे गाऱ्हाणे त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन-तीन मीटरांतच सुरू होते, कारण दाबाचे प्रमाण तेथेच सर्वांत झपाट्याने बदलते. सासरेबुवा हातभर खाली जातात आणि नाक दाबतात, पुन्हा हातभर जातात आणि पुन्हा दाबतात; ज्या निर्भय तरुणाने हमीपत्र वाचले नव्हते आणि हुकूम ऐकले नव्हते, तो सरळ खाली सूर मारतो आणि कान धरून तितकाच सरळ वर येतो. नावेत बसल्यावर तो कॅमेरा बिघडल्याचे सांगतो.

खाली, खडकापाशी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका गृहस्थाभोवती जमतो; इतके पट्टेवाले त्याच्या दिमतीस सरकारने कधी दिलेले नसतात. हर्षभराने त्याचा अंगठा वर जाऊ लागतो, तोच तिसरा हुकूम आठवून तो आवरला जातो, आणि अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करून तो आपला अभिप्राय रीतसर नोंदवतो.

नावेत परतल्यावर 'भीतीचा प्रश्न कधी नव्हताच' असे तो म्हणेल, ते खुशाल म्हणू द्यावे. समुद्रापाशी धिटाईची मिजास चालत नाही, हुकमाची तामिली चालते. आणि भित्र्या माणसाइतकी चोख तामिली करणारा दुसरा कोण असतो? तेव्हा पावसाळा सरून बुड्या पुन्हा सुरू झाल्या म्हणजे वाचकांपैकी जे कोणी मालवणास जातील, त्यांनी आपली भीती बिनदिक्कत बरोबर न्यावी, कागद वाचावा, नाक वेळेवर दाबावे, आणि ज्याला कशाचीच भीती वाटत नाही अशा जावयाला तेवढे काठावर बसवून ठेवावे.