कोंबडीच्या पायांवरचं घर

फॅनआर्ट काढणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याचं चित्र बघून नुसतं 'वा, छान आलंय' म्हणा. साधा चित्रकार असेल तर सुखावेल. फॅनआर्टवाला असेल तर त्याचा चेहरा पडेल. 'छान ते जाऊ द्या. कुठल्या पुस्तकातलं आहे, ओळखलंत का?' आणि ओळखलं नाहीत, तर तुमच्या आईवडिलांनी लहानपणी तुम्हाला वाचायला काय दिलं होतं, इथपर्यंत चौकशी जाते.

असा एक तरी गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. वय पन्नाशीच्या पुढे, मुलं मार्गी लागलेली, नोकरीतून व्हीआरएस घेतलेली. गुडघ्यांमुळे ट्रेकिंग बंद, गायचं म्हटलं तर शेजारी आहेत. मग हात ब्रशकडे जातो. पण समोरचा गुलमोहर काढावा, बायकोचं पोर्ट्रेट करावं असं त्याच्या मनातही येत नाही. त्याला काढायचं असतं ते चौथीत असताना पाहिलेलं पान. कुणी चांदोबातला विक्रम काढतो आणि शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांनी त्याच्या खांद्यावर ते प्रेत नेमकं कुठल्या बाजूने टाकलं होतं यावर झोप घालवतो. कुणी टिंकलमधला, राम वाईरकरांच्या हातचा सुप्पंडी गिरवत बसतो. ही मंडळी तशी निरुपद्रवी. त्यांच्याशी अधूनमधून दुसऱ्या विषयावरही बोलता येतं.

कडवा पंथ रशियन पुस्तकांवाल्यांचा. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची आणि १९८२ नंतर 'रादुगा'ची ती पुस्तकं: जाड कागद, पानभर चित्रं आणि किंमत अशी की मध्यमवर्गीय बापाला 'नाही' म्हणायला तोंड नसे. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत बसून ती मराठीत आणायचे आणि लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांत ती हातोहात खपायची. घरात कुणी मार्क्सचं नावही काढत नसे, पण पोरं अस्वलं, लांडगे, बर्चची झाडं आणि बर्फ यांत आकंठ बुडालेली. डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि पुस्तकं यायची थांबली. आपलं बालपण एका महासत्तेबरोबर संपलं, अशी तक्रार करायचा हक्क जगात फार थोड्यांना आहे. आमच्या डोंबिवलीत तो बजावणारे बरेच भेटतात.

आमच्या सोसायटीतले चित्रकाका त्यांतले. खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. शाळेत असताना त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिल्या होत्या. ग्रेड विचारली की 'वस्तुचित्राने घात केला' एवढंच सांगतात. तांब्या, वांगी, खाली सुरकुतलेला टेबलक्लॉथ हे काही त्यांना जमत नसे. स्मरणचित्रात मात्र हात धरणारा कुणी नव्हता, फक्त बाजार काढा म्हटलं काय नि बसस्टॉप काढा म्हटलं काय, हे त्यावर बर्फ पाडायचे. परीक्षकांना ते पटलं नसावं.

पुढे नोकरी, लग्न, घराचं कर्ज. मधल्या काळात त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजींनी, माळा साफ करताना पुस्तकांची गोणी रद्दीवाल्याला देऊन टाकली. या घटनेचा उल्लेख घरात 'ते झालं तेव्हा' असा करतात. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण दिवाळीची साफसफाई निघाली की खटला पुन्हा उभा राहतो.

'अरे, वाळवी लागली होती त्यांना.'

'वाळवीला कळलं, आई. तुला नाही कळलं.'

पुस्तकंच नाहीत म्हटल्यावर चित्रं आठवून काढणं आलं. बाल्कनी बंद करून तिथे टेबल टाकलंय. त्यावर कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, शून्य नंबरचा ब्रश. पांढरा रंग सगळ्यांत आधी संपतो. 'रशिया काढायचा म्हणजे पांढरा जातोच,' असं ते कांदे महागल्यासारखं सांगतात.

आता खरी गंमत. रशियन गोष्ट म्हटली की समोवार आलाच, आणि काकांच्या चित्रात समोवार आला की तो हुबेहूब तांब्याचा बंब असतो. आजोळच्या मागीलदारी असायचा तोच, एका अंगाला पोचा आलेला, तोटीला चिंधी बांधलेली. कुणी हे बोलून दाखवलं की काका व्याख्यान देतात. दोन्हींची रचना सारखीच, मधोमध उभं नळकांडं, त्यात निखारे, भोवताली पाणी, खाली तोटी. ते लोक त्या पाण्याचा चहा करतात आणि आपण आंघोळ, एवढाच काय तो फरक. शास्त्रीयदृष्ट्या यात खोट काढायला जागा नाही. काकू मात्र शास्त्रात शिरत नाहीत. 'अहो, पण त्या तीन अस्वलांनी जेवायच्या टेबलावर आंघोळीचं पाणी का तापत ठेवलंय?' एवढंच विचारतात आणि कुकर लावायला जातात.

बाबा यागा ही रशियन जंगलातली चेटकीण. ती उखळात बसून, मुसळाने वाट काढत, मागे झाडूने आपला माग पुसत उडते आणि कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते. काकांच्या बाबा यागाचं नाक, हनुवटीवरचा तीळ आणि पदर खोचायची पद्धत थेट त्यांच्या थोरल्या आत्यावर गेलीय. आत्या एकदा डोंबिवलीला आल्या होत्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'बाई कुठे तरी पाहिलेली वाटते.' त्या दिवशी काकांनी प्रथमच कुणाला 'ओळखलंत का' असं विचारलं नाही.

पण झोपडीच्या पायांच्या बाबतीत तडजोड नाही. घर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे कोंबडीचा पाय जवळून पाहिलेला नाही. तेव्हा एका रविवारी सकाळी, रांग ऐन भरात असताना, चित्रकाका स्टेशनजवळच्या चिकनच्या दुकानात वही घेऊन उभे. मी रांगेत पुढे होतो. दुकानदाराने विचारलं, 'काका, किती देऊ?'

'द्यायचं काही नाही. फक्त पाय बघायचेत.'

'लेगपीस?'

'त्याच्या खालचं.'

दुकानदाराने एक पंजा उचलून काउंटरवर ठेवला. काकांनी नाकाला रुमाल लावला, चष्मा वर केला आणि मोजलं: तीन बोटं पुढे, एक मागे. मग खवल्यांची एकावर एक ठेवण वहीत उतरवली. मागून लोक कुरकुरायला लागले. दुकानदाराला वाटलं, म्युनिसिपालिटीतून आलेत. त्याने घाईघाईने ओटा धुतला, लायसनची फ्रेम सरळ केली आणि काकांना पुढे स्टूल दिलं. तेव्हापासून त्या दुकानात काकांना मान आहे आणि त्यांनी ते पद अजून सोडलेलं नाही.

दुसऱ्याच्या फॅनआर्टबद्दल मात्र हा माणूस निर्दय असतो. कुणी इवान बिलिबिनच्या शैलीत काही काढून दाखवलं की काका आधी चौकट बघतात. बिलिबिनने विसाव्या शतकाच्या तोंडावर रशियन लोककथांची जी चित्रं केली, त्यांत काळी ठसठशीत रेघ, आत सपाट रंग आणि भोवती नक्षीची चौकट असायची. मित्र त्याला 'लोखंडी हाताचा इवान' म्हणत, इतकी रेघ पक्की. काकांचा हात बीपीची गोळी घेतल्यावर अर्धा तास लोखंडी असतो. त्या अर्ध्या तासात दाराची बेल वाजवायची नाही, असा फलक आहे.

कॉपीराइटचाही त्यांचा अभ्यास पक्का. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क शाबूत राहतात. बिलिबिन १९४२ साली वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये गेला, म्हणजे तो केव्हाच मोकळा झाला. म्हणून काकांच्या घरच्या सगळ्या मगांवर बिलिबिन आहे. लेखक-चित्रकार व्लादिमीर सुतेयेव मात्र १९९३ साली गेला. त्याच्या एका गोष्टीत उंदीर पेन्सिल कुरतडायला निघतो, पेन्सिल शेवटचं चित्र काढू देण्याची विनवणी करते आणि गोल काढते. हे चीज, हे सफरचंद, म्हणून उंदीर मिटक्या मारतो तोवर त्या गोलाची मांजर होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तो उंदीर मगावर हवा होता. काकांनी हिशेब केला आणि सांगितलं, 'जानेवारी २०५४मध्ये या.'

मध्यंतरी एका परिचितांकडे झोपडीवालं ते मूळ पुस्तक निघालं. परिचितांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं. काकांनी हात धुतले, पुसले, सगळ्यांना गोळा केलं आणि पान उघडलं. झोपडी होती, कोंबडीचे पाय होते, जंगल होतं. खिडकीत दिवा नव्हता.

काकांच्या झोपडीच्या खिडकीत कायम पिवळा दिवा असतो. बाकीचं चित्र गडद निळं, काळं, आणि तो एक पिवळा चौकोन. खरं तर सगळं चित्र त्याच्यासाठीच असतं. काकांनी पान उजेडात धरलं, तिरकं करून बघितलं, पुढची-मागची पानं चाळली. दिवा कुठेच नव्हता. परिचित अपराध्यासारखे बसले. शेवटी काकांनी पुस्तक मिटलं, मागची छपाईची माहिती वाचली आणि निकाल दिला, 'आवृत्ती वेगळी असणार.'

'दिवा आपल्याकडे होता,' आजी आतून म्हणाल्या. 'लाइट जायची ना तेव्हा रोज. कंदील धरून वाचायचास.'

काकांनी ऐकलं नाही. रद्दीत पुस्तकं घालणाऱ्या साक्षीदाराची साक्ष ते ग्राह्य धरत नाहीत.

गेल्या गणपतीत सोसायटीने काकांना एक भिंत दिली. काकांनी तिथे 'हातमोजा' रंगवला. ही युक्रेनियन लोककथा. म्हाताऱ्याचा मोजा बर्फात पडतो, त्यात उंदीर राहायला येतो, मग बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. येवगेनी राचोवच्या प्रसिद्ध चित्रांत हे सगळे लोकवेषात आहेत आणि बिऱ्हाडं वाढतील तसं मोज्याला जिना, खिडकी, धुराडं फुटत जातं. काकांनी शपथेवर सांगितलं की मूळ चित्राबाहेर आपण रेघ मारलेली नाही. पण काकांच्या मोज्याला सरकती खिडकी आणि ग्रिल होतं, वर पाण्याची टाकी होती, आणि कोल्हीण ग्रिलवर सतरंजी वाळत घालत होती.

आरती होईपर्यंत सगळ्यांनी आपापला प्राणी शोधला. सतरंजीवरून दुसऱ्या मजल्यावर अबोला झाला. रानडुकराच्या खिशाला दोन पेनं होती. आमच्या चेअरमनसाहेबांच्याही खिशाला दोन पेनं असतात. साहेब चित्रासमोर उभे राहिले तेव्हा मंडपात शांतता पसरली.

'हा मी?'

'छे छे, तो राचोवचा आहे.'

'ते राहू द्या. पण हा सहावा का? या बिल्डिंगमधलं पहिलं बुकिंग माझं आहे. पावती दाखवू?'

'साहेब, मूळ गोष्टीत रानडुक्कर सहावंच येतं. मी क्रम बदलू शकत नाही.'

झोपडीच्या खिडकीतल्या दिव्याचा विषय कुणी काढला नाही. वाद कमिटीत गेला. रानडुकराच्या जागेला हरकत नोंदवावी की रानडुकरालाच, यावर सेक्रेटरी अडले आणि इतिवृत्तात 'सजावटीबाबत चर्चा झाली' एवढंच आलं. रागाचा भर ओसरल्यावर चेअरमनसाहेबांना आपलं डुक्कर आवडायला लागलं असावं, कारण दसऱ्याला ते पेढे घेऊन काकांकडे आले. नातीच्या खोलीत भिंतीवर पेपा पिग हवी होती.

काका आधी 'मी फक्त पुस्तकातलं काढतो' म्हणाले. मग पेपाचीही पुस्तकं निघतात असं कळल्यावर नाइलाज झाला. आठवडाभर ते स्टूल घेऊन वरखाली करत होते. टेकडीवरचं घर झालं, पेपा झाली, तिचे आईबाबा झाले, चिखलाचं डबकं झालं. साडेचार वर्षांची ती नात रोज शाळेतून आली की दप्तर न काढता भिंतीसमोर बसायची. शेवटच्या दिवशी काका खाली उतरले, दोन पावलं मागे सरले आणि वाट बघू लागले.

तिने चित्र डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग पुन्हा डावीकडे आली.

'हे पेपाचं घर नाहीये.'

'का गं?'

'तिच्याकडे हे नसतं.' बोट बंबावर होतं. 'आणि ही पांढरी झाडं नसतात. आणि तिच्या घराला पाय नसतात.'

चेअरमनसाहेबांनी चष्मा लावला. काकू कपाळाला हात लावून दारात उभ्या होत्या. काकांनी ब्रश पुसून खिशात ठेवला आणि बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं, 'तुझी आवृत्ती वेगळी असणार.'