डीपीला विचारलं का?

राज्याच्या ईव्ही धोरणानं २०२५ साली ठरवून टाकलं, की महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय हवी. मंत्रालयातल्या नकाशावर फूटपट्टी ठेवली की हे काम होतं. गोदाकाठच्या तीर्थपुरीत मात्र पहिलाच प्रश्न निघेल: कनेक्शन घ्यायचं कुठल्या डीपीवर?

जड ट्रक पटकन भरायचा तर २४० किलोवॉटचा चार्जर लागतो. शेतातली डीपी, म्हणजे रोहित्र, ६३ नाहीतर १०० केव्हीएची. म्हणजे हा एकच गडी शंभराच्या दोन डीप्या गिळून तिसरीकडे बघणार. पाच एचपीच्या ६४ मोटारी एकदम चालू कराव्यात, एवढा त्याचा भार. इथं चार मोटारी जास्त झाल्या की डीपी जळते, आणि जळालेली डीपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्यावी लागते. तो ट्रॅक्टर अर्थातच डिझेलचा.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला ९.६ लाखांपर्यंत अनुदान आहे. अट एवढीच, की जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला द्या. आता आपल्याकडं जुना ट्रक भंगारात जातो कधी? तो मुंबईचा माल वाहून थकला की ऊस वाहतो, उसाला नको झाला की विटा वाहतो. एसटीचं तर विचारूच नका. ५,१५० विजेच्या बस भाड्यानं घ्यायचा करार केला, आणि गाड्या वेळेत येईनात म्हणून मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनीच तो रद्द करायला सांगितला. गाड्याच पुरेशा नाहीत म्हटल्यावर चार्जिंगला रांग लागत नाही, हा एक फायदा.

राज्याच्या ईव्ही धोरणावर मनापासून खूश होईल असा वर्ग गोदाकाठी एकच दिसतो: रात्री दिवे मालवून वाळूचे हायवा पळवणारा. विजेच्या गाडीला आवाज नाही, धूर नाही. तलाठ्याला पत्ता लागायचा नाही. फक्त चार्जिंगला तासभर थांबावं लागतं, तेवढ्यात सापडायचा.

चेष्टा पुरे. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रकांचा ताफा कारखान्याच्या यार्डात नंबर लावून तासन्‌तास उभा असतो. ड्रायव्हर चाकाला टेकून झोपलेला. चार्जर हवा तो इथं, हमरस्त्यावर नाही. उसाच्या चिपाडावर वीज करणारे कारखाने राज्यात ढिगानं आहेत, आणि ती वीज मुख्यतः हंगामात होते, म्हणजे नेमकी ताफा उभा असतो तेव्हा. पण यार्ड काही दर २५ किलोमीटरला येत नाही. मग ते धोरणात बसणार कसं?

तरी मंत्रालयातल्या साहेबांना विनंती, की आधी यार्डाला वेगळं रोहित्र द्या, मग चार्जर बसवा. उद्घाटनाला जरूर या, आणि विजेच्याच गाडीनं या. परतीच्या चार्जिंगचं तेवढं आपापलं बघा.