शूऽऽ!

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा त्यातल्या एकीत तरी काका असतातच. मातकट टोपी, गळ्यात दुर्बीण, खिशात घडी घातलेली नियमावली. सगळ्यांची ओळखपत्रं त्यांनी पुण्यातच तपासलेली असतात. कोअरमध्ये मोबाइलला बंदी म्हणून मेहुण्याचा फोन ते जातीने काढून घेतात. पुतणीची लाल ओढणी पिशवीत जाते. वाघाला लाल रंग धड दिसतच नाही, हे ती सांगू पाहते.

"शूऽऽ!"

हा पहिला. प्रेशर कुकरलाही न्यूनगंड यावा अशा जोराचा. गेट अजून उघडलेलं नसतं.

जंगलात वाघ आधी कानांनी शोधायचा असतो. वानर शेंड्यावरून खोकतं, चितळ ओरडतं. सांबर ओरडलं की गाइडची खात्री पटते. तो इंजिन बंद करायला लावतो. सहाही जण श्वास रोखतात. बांबूच्या बेटामागून एक कॉल येतो, दुसरा येणार एवढ्यात, कोणीही काहीही बोललेलं नसताना, काका सर्वांना गप्प करतात. "शूऽऽ!" सांबरही गप्प होतं.

"साहेब, तुम्ही जरा शांत बसा ना जी," गाइड हात जोडतो.

"तेच तर सांगतोय यांना!"

मग पाणवठा येईपर्यंत काका हलक्या आवाजात माहिती देतात: १९५५ला राष्ट्रीय उद्यान, १९९५ला व्याघ्र प्रकल्प, मंगळवारी सुट्टी. मागच्या जिप्सीतला मुलगा ती वहीत उतरवून घेतो. काकू ओढणीआड चिवड्याचा बकाणा भरतात. कुरकुर होते. शूऽऽ!

पांढरपौनीला मात्र खरंच वाघीण निघते, बछड्यांसह. बघता बघता वीसेक जिप्स्या गोळा होतात. "घे ना पुढे, पाचशे देतो," मागून कोणीतरी म्हणतं. मेहुण्याचा हातही पाकिटाकडे जातो.

३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्स्यांनी अशीच एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली होती. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित झाले ते चालक आणि गाइड. पर्यटकाला निलंबित तरी कशातून करणार?

हे प्रकरण काकांना तारखेनिशी पाठ आहे. ते मेहुण्याचा हात धरतात आणि चालकाला म्हणतात, "मागे घ्या. तिला जाऊ द्या. यांच्या फोटोपायी तुमची रोजी जायची." गाइड पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघतो. जिप्सी मागे सरते, बाजूचे दोघे-तिघेही नाइलाजाने सरतात. मागच्या गाड्यांमध्ये गलका सुरूच असतो, म्हणून काका उभे राहून मागे वळतात, ओठांवर बोट ठेवतात आणि त्या सगळ्या गर्दीला दटावतात.

तेवढ्यात वाघीण रस्ता ओलांडून जाते. तीन बछडे रेंगाळत, शेवटचा धावत.

काकांना वाघ दिसत नाही. नागझिऱ्यालाही दिसला नव्हता, पेंचलाही नाही. दर वेळी ते कोणाला तरी गप्प करत होते.

गेटबाहेर चहा पिताना पुतणी कॅमेरा पुढे करते. फोटोत वाघीण आहे, बछडे आहेत आणि निम्म्या चौकटीत काकांची पाठ. ते चष्मा पुसतात, फोटो मोठा करून वाघिणीचे पट्टे बघत राहतात. चहावर साय धरते.

"फ्लॅश नव्हता ना वापरलास?"