आदल्या रात्रीचे रँग्लर

रँग्लर म्हटलं की मराठी माणसाला र. पु. परांजपे आठवतात. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला आणि तिथली ती उपाधी आपल्याकडे त्यांचं जणू पाळण्यातलं नाव होऊन बसली. पण पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या कुठल्याही हॉस्टेलात रात्री अकरानंतर चौकशी केलीत, तर आणखी एक रँग्लर सापडतो. हा कुठेही पहिला आलेला नसतो. याचा एम-थ्री अजून निघालेला नसतो.

एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, फोरियर, व्हेक्टर. शाखेप्रमाणे थोडं इकडचं तिकडे. बारावीला गणितात शंभरपैकी शंभर घेऊन आलेला लातूरचा मुलगाही या विषयाच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेतो. आणि देव लवकर पावत नसल्यामुळे रँग्लरच्या खोलीत येतो.

आता प्रश्न असा, की वर्गात पहिली येणारी मंडळी असताना लोक बॅक लागलेल्या माणसाकडे का जातात? कारण साधं आहे. टॉपर पहिल्यांदा ‘माझंच काही झालं नाही रे’ म्हणतो. फारच गळ घातली तर सांगतो, पण तीन पायऱ्या गिळून सांगतो आणि वर ‘हे तर ऑब्व्हियस आहे’ म्हणतो. त्याचं कधी चुकलेलंच नसतं, त्यामुळे माणसं कुठे चुकतात हे त्याला ठाऊक नसतं. रँग्लरला हा सगळा मुलूख पायाखालचा. पार्शल फ्रॅक्शनमध्ये मायनस कुठे सांडतो, फोरियरमध्ये फंक्शन ईव्हन आहे हे न बघता लोक बीएन काढत कसे बसतात, कुठल्या पायरीला अर्धा मार्क असतो, सगळं त्याने सोसलेलं असतं.

खोलीत फळा नसतो, म्हणून कपाटाच्या दारावर मार्करने लिहिणं चालतं. दोन कॉटवर सहाजण, खिडकीत एक, दारात एक. दारातला तो ‘फक्त फॉर्म्युले सांग, मी निघतो’ म्हणणारा. तो पहाटेपर्यंत निघत नाही. खिडकीतला प्रत्येक गणिताला ‘हे येणार का?’ विचारतो. पेपरात प्रश्न एक किंवा दोन, तीन किंवा चार असे जोडीने येतात, त्यामुळे काय ऑप्शनला टाकायचं याचं त्याच्याकडे रंगीत वेळापत्रक असतं. टाकायचं ते सगळं ठरलेलं असतं, करायचं काय ते ठरायचं असतं. मंडळींत काही एक वर्ष मागची मुलं असतात. ती रँग्लरला दादा म्हणतात, पण त्याच्याबरोबर उद्या त्याच हॉलमध्ये बसणार असतात.

“दादा, केस ऑफ फेल्युअर सांगा ना.”

या प्रकरणावर रँग्लरची खास हुकमत. डी स्क्वेअर प्लस फोर, उजवीकडे साइन टू एक्स. डी स्क्वेअरच्या जागी मायनस फोर टाकला की खाली शून्य येतं आणि पोरं हवालदिल होतात. “घाबरायचं नाही. फेल झालं की एक्सने गुणायचं आणि खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. टू डी आलं ना खाली? वन बाय डी म्हणजे इंटिग्रेशन. उत्तर मायनस एक्स बाय फोर, कॉस टू एक्स.” इतकं सांगून दुसरा कुणी पुढे गेला असता. रँग्लर थांबतो. तो एक्स कुठून उपटला हे समजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मग तो सांगतो, की झोक्याला त्याच्याच तालात ढकलत राहिलं की झोका दर फेरीला आणखी वर जातो, तो वाढत जाणारा हेलकावा म्हणजे हा पुढचा एक्स. खोलीत क्षणभर शांतता होते. लातूरकराच्या तोंडून “आयला!” निघतं. वर्गात पूर्ण सेमिस्टर जे झालं नाही ते इथे कपाटाच्या दारावर होतं, आणि रँग्लरच्या तोंडावर असा काही उजेड पडतो की डिस्टिंक्शनवाल्याने हेवा करावा.

फक्त त्याला आवरावं लागतं. एक वाजता लाप्लास निघाला की त्याच्यामागून नेपोलियन येतो. “१७८५ साली पॅरिसच्या लष्करी शाळेत सोळा वर्षांच्या नेपोलियनची परीक्षा घ्यायला कोण होतं? लाप्लास!”

“मग?” दारातला घाबरून विचारतो. “नापास केलं?”

“नाही रे, पास झाला. पुढे नेपोलियनने त्यालाच गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढून टाकलं.”

“सहा आठवडे? आम्ही अख्खं सेमिस्टर सहन केला.”

फोरियरही नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेला होता, हे सांगायला रँग्लर तोंड उघडतो तोच खिडकीतून आवाज येतो, “इजिप्त येणार आहे का?” तेवढ्यावर इजिप्त ऑप्शनला पडतो.

दोनच्या चहाला मात्र तो कुणाला ऐकत नाही. “तुझ्या गाडीचा नंबर सांग.” पस्तीस चोवीस. “उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजा कर.” ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, ६१७४. “आता कर कितीही वेळा, इथेच अडकणार. कुठलाही चार आकडी नंबर घे, सगळे आकडे सारखे नसले म्हणजे झालं.” मग देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची गोष्ट येते. विद्यार्थी असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. पुढे मोठ्या पदव्या नाहीत, विद्यापीठात जागा नाही, आणि त्यांचा हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. रँग्लर ही गोष्ट जरा जास्तच रंगवून सांगतो. का, ते सगळ्यांना कळतं, म्हणून कुणी मध्ये बोलत नाही. फक्त आठही जण उद्याचं सोडून आपापल्या गाड्यांचे नंबर वजा करत बसतात. त्यात पाऊण तास जातो.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. रँग्लर स्वतः काहीच करत नसतो. लोकांनी जे विचारलं तेवढीच त्याची रिव्हिजन. व्हेक्टर इंटिग्रेशन सगळ्यांनी एकमुखाने टाकलेलं असतं, म्हणजे त्याचंही ते राहिलेलं असतं. पाच वाजता मंडळी झोपायला जातात आणि तो कपाटाचं दार पुसत बसतो, कारण त्यावर त्याची बादलीची पाळी लिहिलेली असते.

परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या मते त्याचा खरा घात होतो तो वेगळ्याच कारणाने. तिथे समोर “म्हणजे?” विचारणारं कुणी नसतं. रात्री जो प्रश्नाला प्रश्न भेटला की फुलतो, तो इथे कोऱ्या पुरवणीकडे बघून मुका होतो. मग तो आपलं गिऱ्हाईक मनातच तयार करतो आणि तपासणाऱ्याला शिकवायला घेतो. टी साइन टू टीचं लाप्लास इतरांनी दोन ओळींत संपवलेलं असतं: फोर एस, भागिले एस स्क्वेअर प्लस फोरचा वर्ग. हा आधी नियम सिद्ध करतो, मग गणित सोडवतो, मग दुसऱ्या रीतीने पडताळा घेतो. शेवटची घंटा होते तेव्हा त्याची साडेतीन गणितं झालेली असतात, पण अशी की छापून वाटावीत.

निकालाच्या दिवशी अख्खी विंग पास. दारातल्याला पासष्ट. तोसुद्धा येऊन सांगतो, “दादा, केस ऑफ फेल्युअर जसंच्या तसं आलं होतं!” रँग्लरला पस्तीस. पाच मार्कांसाठी तो उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा अर्ज भरतो, आणि अर्ज कसा भरायचा हे मागे उभ्या असलेल्या चौघांना समजावून देतो. वडिलांचा फोन आला की तो बाहेर गॅलरीत जातो. आत आल्यावर कुणी काही विचारत नाही. चहा मात्र त्या दिवशी कुणी त्याला द्यायला लावत नाही.

कधी ना कधी त्याचाही एम-थ्री निघतो. तेव्हा त्याचं महत्त्व एका दिवसात संपतं. निघालेल्या माणसाचं ज्ञान जुनं, सिलॅबस बदललेला, आणि शेजारच्या खोलीत ताजा बॅक लागलेला एक नवा माणूस तयार झालेला. पुढच्या सेमिस्टरला आदल्या रात्री तिथे गर्दी जमते. रँग्लर पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडून दोनदा जातो, तिसऱ्यांदा दारात टेकतो.

“मायनस राहिला.”

सगळे मागे बघतात. नवा माणूस मार्कर हातात धरून कपाटाकडे बघतो, पुसतो, मायनस घालतो.

“आणि तो एक्स कुठून आला, ते सांगितलंस का यांना?”

“दादा,” खिडकीतला नवा मुलगा हात जोडतो, “तुमचा निघालाय ना? मग जा की झोपायला.”