मुतालिक

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी गृहस्थ असा असतो, की दुसऱ्याच्या घरचे यंत्र सुरळीत चाललेले त्याला पाहवत नाही. आमच्याकडे हा मान सांगलीच्या मेहुण्यांकडे, वंशपरंपरेने नव्हे तर स्वपराक्रमाने, चालत आलेला आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर, कोणाच्या शेतात पाणी केव्हा सोडावे हे ठरविण्याची जडलेली सवय त्यांनी इंटरनेटकडे वळविली, आणि विश्रामबागेतील आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाखाली, एका जुन्या संगणकाची प्रॉक्सी म्हणून यथाविधी स्थापना केली.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे साताऱ्याच्या माणसास फोड करून सांगण्याचे वास्तविक प्रयोजन नाही. ज्या गावी छत्रपतींच्या वतीने पंतप्रतिनिधी आणि प्रतिनिधींच्या वतीने त्यांचे मुतालिक कारभार हाकीत, तेथे हा व्यवहार नवा कसा असेल? अर्जी आपली, ती मुतालिकाने स्वतःच्या शिक्क्यानिशी पुढे धाडावी, आलेला जबाब आपल्या हाती द्यावा, आणि मूळ अर्जदाराचा ठावठिकाणा पलीकडे कळू नये, इतकेच. मात्र १७५० साली यमाजी शिवदेव या प्रतिनिधींच्या मुतालिकानेच सांगोल्यास बंड उभारले होते, ही गोष्ट मेहुण्यांनी राउटरला हात घालण्यापूर्वी मला आठवावयास हवी होती.

ते आले तेव्हा चष्म्याच्या घरात त्यांनी एक टाचणी जपून आणली होती. चहा नको म्हणून (तो पुढे दोनदा घेतला) त्यांनी राउटर उताणा केला व त्याच्या पोटावरील चिठ्ठीतला १९२.१६८.१.१ हा पत्ता, संध्येला बसलेला मनुष्य गोत्रप्रवर उच्चारतो तशा गांभीर्याने, वाचला. नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिनच, हे कळताच, दाराला कडी न लावता काशीस निघालेल्या इसमाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मागच्या छिद्रात टाचणी खुपसून दहा अंक मोजले, जुनी व्यवस्था बरखास्त करून ओपनडब्ल्यूआरटी नावाची नवी चढविली, आणि ३१२८ क्रमांकाच्या दरवाजाने आमच्या घराची समग्र आवकजावक सांगलीवरून वळविली.

"आता निर्धास्त राहा, भाऊजी. कोण कुठे गेले, सगळ्याची नोंद माझ्याकडे राहील."

मी निर्धास्त होतो तो या वाक्यापर्यंतच.

कृष्णामाई माहुलीस वेण्णेला भेटून सांगलीकडे उतरते. आमचे इंटरनेट तेव्हापासून उलट्या दिशेने, सांगलीहून साताऱ्यास, चढू लागले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाल पांघरून बसलेल्या मला हवामानाचे पान सांगलीचा उकाडा दाखवू लागले, आणि जाहिराती हळदीच्या भावाविषयी माझे मत विचारू लागल्या. सौभाग्यवतींनी दुपारी कोणती मालिका पाहिली, याची चौकशी रात्री सांगलीहून फोनवर होऊ लागली. "दादाला काळजी फार," एवढेच ती म्हणते.

गेल्या मंगळवारी सारे ठप्प झाले. मी फोन केला. "राउटरवर दिवा कोणत्या रंगाचा आहे?" त्यांनी दरडावून विचारले. हिरवा, मी म्हणालो. "मग दोष तुमच्याकडचा नाही," असा निवाडा देऊन, आपल्याकडे सकाळपासून वीज नाही हे त्यांनी ओघात सांगितले. जुनी व्यवस्था परत आणावी म्हणून मी पासवर्ड मागितला. तो त्यांच्या डायरीत आहे, आणि डायरी घेऊन ते महिनाभर मुलाकडे पुण्यास जाणार आहेत.