गिरदावरसाहेबांचा वाळवंटी दावा

तालुक्याच्या गावी वकील, वैद्य, अडते आणि ज्योतिषी यांची वाण कधी पडत नाही; परंतु ज्या विषयाचा गावाच्या पोटापाण्याशी अथवा परलोकाशी तिळमात्र संबंध नाही, अशा विषयात यत्किंचितही सूट न देणारा एखादा आग्रही पुरुष मात्र दैवयोगानेच लाभतो, आणि मनमाडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला वसलेल्या आमच्या परतुरास तो लाभलेला आहे, याची परतूरकरांना अद्याप पुरती जाणीव झालेली नाही.

महसूल खात्यात हयात घालवून सेवानिवृत्त झालेल्या या गृहस्थांना सारे गाव अजूनही गिरदावरसाहेब म्हणते. ते प्लास्टिकच्या सुट्या भागांतून रणगाडे जुळवितात. तेही केवळ इंग्रजांचे, आणि केवळ उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेले. या पक्षपाताचे कारण विचारले असता ते ९ डिसेंबर १९४० ही तारीख सांगतात. त्या दिवशी सिदी बरानीच्या मोहिमेत निबेइवाच्या इटालियन छावणीवर माटिल्डा रणगाडे चालून गेले, आणि त्यांच्याबरोबर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ आत शिरले. "आपली माणसं ज्या गाडीच्या आडोशानं लढली," असे ते विचारतात, "तिचा रंग कोणता होता, हे आपल्याला ठाऊक नसावं?" या प्रश्नास परतुरात आजवर कोणी उत्तर दिलेले नाही.

वीत-वीतभर लांबीच्या तीन माटिल्डा जुळून कपाटावर विराजमान झाल्या, आणि मग रंगाचा दावा दाखल झाला. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९४० आणि १९४१ साली प्रचारात असलेल्या पद्धतीप्रमाणे गाडीवर तीन रंगांचे सरळ कडांचे तिरपे पट्टे ओढीत, जेणेकरून दुरून पाहणाऱ्या शत्रूस गाडीचा आकार व रोख यांचा अंदाज येऊ नये. ब्रिटिश रंगसूचीअन्वये पहिला रंग लाइट स्टोन, क्रमांक ६१, किंवा त्याच्या जागी पोर्टलंड स्टोन, क्रमांक ६४. दुसरा सिल्व्हर ग्रे, क्रमांक २८. तिसरा स्लेट, क्रमांक ३४. यांतील दुसऱ्याने घात केला. कित्येक दशके जगभरच्या हौशी मंडळींनी आणि काही संग्रहालयांनीदेखील हा अठ्ठाविसावा रंग चक्क अस्मानी समजून गाड्यांवर फासला. पुढे जुने दफ्तर आणि जुने नमुने तपासणाऱ्यांनी तो हिरवट झाक असलेला फिका राखाडी असल्याचे दाखवून दिले. गिरदावरसाहेबांच्या लेखी माटिल्डावरचा निळा पट्टा म्हणजे गायरानावरचे अतिक्रमण होय : कितीही जुने असो, ते उठलेच पाहिजे.

एवढ्यावर भागते तरी बरे होते. १९४१ च्या अखेरीस ते पट्टे मागे पडून सरसकट एकच वाळूचा रंग आला, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात डेझर्ट पिंक नावाचा गुलाबी मातकट रंग व त्यावर गडद रंगाचे पट्टे असा नवा हुकूम निघाला. तेव्हा आधी तारीख कायम केल्याशिवाय रंग नाही, आणि रंग कायम केल्याशिवाय ब्रश नाही, असा त्यांचा दंडक आहे.

एकदा ते लाइट स्टोनचा कागदी नमुना घेऊन इथल्याच रंगाच्या दुकानी गेले. दुकानदाराने तो उन्हात धरला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "बिस्किटी हाय साहेब. सारं परतूर हेच घेऊ राहिलं. घराला पाहिजे का कंपाउंडला?"

"रणगाड्याला."

दुकानदाराने गिऱ्हाईक जुने असल्यामुळे लेशमात्र विस्मय न दाखविता सल्ला दिला, "मग ऑइल पेंटच न्या. पावसात टिकतो."

तेव्हापासून रंगाच्या इवल्याशा बाटल्या पुण्यामुंबईहून पार्सलाने येतात, आणि एकच नाव धारण करणाऱ्या दोन कंपन्यांच्या बाटल्या परस्परांशी जुळत नसल्याने चौकशी पुढे चालू राहते. पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर रुपयाएवढा ठिपका, त्याखाली कोणत्या बाटलीतले किती थेंब, वाळल्याची वेळ, तारीख आणि लपेटदार सही. असे पुठ्ठे फीत बांधून नस्तीत लावलेले आहेत. सकाळच्या उजेडात राखाडी दिसणारा ठिपका भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरच्या दिव्याखाली निळसर दिसू लागला, तेव्हा कृत्रिम प्रकाशातील साक्ष ग्राह्य धरू नये, असा शेरा त्यांनी लाल शाईने मारला. त्यातच, वस्तू लहान असली म्हणजे रंग किंचित फिका करावा, कारण दुरून पाहिलेली मोठी वस्तू फिकीच दिसते, असा एक सिद्धान्त या शास्त्रात आहे. तो त्यांना तत्त्वतः मान्य आहे, परंतु 'किंचित' हे माप कोणत्या कोष्टकात बसते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन त्यांनी खऱ्याखुऱ्या अजस्र गाड्यांस हातही लावला. मात्र अशा गाड्यांवर मागाहून पुष्कळदा रंग चढलेला असतो, या कारणास्तव तो पुरावा नामंजूर झाला.

वास्तविक दफ्तर आणि रान यांचे किती पटते, हे या माणसाइतके परतुरात कोणास ठाऊक असेल? पाहणीपत्रकात ज्वारी असताना रानात कापूस, दप्तरी विहीर असताना जागेवर बाभळ, हे त्यांनी उभ्या नोकरीत डोळ्यांनी पाहिले आणि पंचनाम्यांत लिहिले. मग इजिप्तच्या कार्यशाळेत घाईने रंग कालवणाऱ्या सोल्जराने क्रमांक २८ मध्ये हाताशी असलेले काहीबाही मिसळले नसेल कशावरून, असे आम्ही एकदा विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आपल्याकडे होतं तसं. पण ते मिलिटरीचं दफ्तर आहे." आपल्या गावच्या एकाही नोंदीवर ज्याने उभ्या जन्मात आंधळा विश्वास ठेवला नाही, त्या मनुष्यास निदान एक तरी नोंद निर्दोष असावी असे वाटत होते, आणि ती त्याने शक्य तितकी दूरची निवडली होती.

गेल्या उन्हाळ्यात वावटळींनी घरोघरी धूळ भरली, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी कपाटाकडे बोट दाखवून सुचविले, "अहो, आता झाल्या की त्या वाळवंटातल्या. पुसू नका, तशाच राहू द्या."

गिरदावरसाहेबांनी चष्मा लावला, बोटाने थोडी धूळ उचलून पाहिली आणि ओले फडके मागविले. ही धूळ काळ्या रानातली, दुधनेकाठची. तिकडची चुनखडीची, फिकी. सबब नामंजूर.